मोतीच्या अंगावरील गोचीड आणि घरगुती उपचार : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-४०२ : सर्वांना नमस्कार. आमचा कुत्रा मोती दोन-तीन दिवसांपासून दूध-भाकरीकडे पाहतही नाही आणि दिवसभर मोरीतल्या गार फरशीवर पडून असतो. अंगावर गोचीडही बरेच झाले आहेत. सततच्या औषधांनी जनावर आतून खचते असे ऐकल्यामुळे आम्हाला शक्यतो नैसर्गिक उपचार करायचे आहेत. गावाकडे गोचिडांवर रॉकेल किंवा डांबरगोळ्यांची पूड लावत असत. त्याऐवजी कडुलिंबाच्या तेलात कापूर घालून लावला तर चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बी-१०४ : ताई, पशुसंवर्धन खात्यात नोकरी झाल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. रॉकेल, डांबरगोळी आणि कापूर या तिन्ही वस्तू मोतीच्या अंगाला अजिबात लावू नका. कुत्रा स्वतःचे अंग चाटतो, त्यामुळे अंगाला लावलेले सगळे त्याच्या पोटात जाते, आणि या तिन्ही गोष्टी त्याच्यासाठी विषारी आहेत. कडुलिंबाच्या सौम्य तेलाने गोचीड थोडेफार दूर राहत असतील, पण एकदा घरात शिरलेले गोचीड त्याने संपत नाहीत, कारण कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड घरातच आपला संसार मांडतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या भेगेत किंवा दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते, आणि त्यातून निघालेली पिले पुन्हा मोतीच्याच अंगावर चढतात. म्हणून कुत्र्यावर आणि घराच्या फटींवर एकाच वेळी उपचार करावे लागतात.

मला गोचिडांपेक्षा त्याच्या न खाण्याची काळजी अधिक वाटते. या गोचिडांमधून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात जातो. त्याने ताप येतो, अन्नावरची वासना उडते, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात आणि दुखणे अंगावर काढले तर नाकातून रक्तही येते. आत्ताच मोतीचा ओठ वर करून हिरड्या पाहा. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते आणि बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरडी पांढुरकी दिसली, किंवा ताप १०३ अंशांच्या वर असला, तर उद्यापर्यंत थांबू नका. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. आपल्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे रक्त तपासून घ्या.

सर्वांगीण काळजी हवी ही आपली इच्छा मला मनापासून पटते, मात्र तिचा अर्थ औषध टाळणे असा नाही. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात. त्या वेळी हात खांद्यावरून सावकाश फिरतो, म्हणूनच जू घासून झालेली जखम शेतकऱ्याला सापडते. कुत्र्याच्या अंगावरूनही असाच हात रोज फिरला पाहिजे, आणि कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी तर जरूर, कारण गोचीड तेथेच दडून बसतात. दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, नुसत्या बोटांनी चिरडू नये.

सी-२०१ : काका, मांजरे पाळणाऱ्यांसाठी एक भर घालते. कुत्र्यांच्या गोचिडांवरील काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकते, म्हणून कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. तापासाठी पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला मुळीच देऊ नये. एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

बी-२०६ : मोतीला लवकर आराम पडो. पण विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. आजारी पडण्यापूर्वी तो रोज दुपारी गॅलरीत बांधलेला असायचा आणि सतत भुंकायचा. माझ्या आईला दुपारी डोळा लागत नसे. शिवाय घरात लहान नात आहे, त्यामुळे त्याला रेबीजची लस दिली आहे का, हेही समजले तर बरे होईल.

ए-४०२ : दादा, रेबीजची लस दरवर्षी देतो, कार्ड आजच ग्रुपवर टाकते. आम्ही दोघेही नोकरीला जातो, म्हणून त्याला गॅलरीत ठेवावे लागते.

बी-१०४ : लस दिलेली असली तरी कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे, हे सर्वांनीच लक्षात ठेवावे. आणि ताई, मे महिन्यात गॅलरी नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो. आपल्याकडचे ऊन ४२-४३ अंश सेल्सिअसवर गेले की तेवढ्याने भागत नाही आणि उष्माघात होतो. त्याचे भुंकणे हे बहुधा ऊन आणि एकटेपणा या दोन्हींचे गाऱ्हाणे होते.

ए-३०५ : एकटेपणाबद्दल काकांचे म्हणणे मला फार पटले. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे माया जोडणारे संप्रेरक वाढते, असे जपानी संशोधकांना २०१५ साली आढळले होते. खाण्यापिण्याची सोय चोख असूनही ज्याच्याकडे दिवसभर कोणी पाहत नाही, त्या जनावराची अर्धीच काळजी घेतली जाते, असे माझे मत आहे. आमचे बाबा आई गेल्यापासून दुपारी एकटेच असतात आणि मोती त्यांना ओळखतो. तुमची हरकत नसेल, तर दुपारी त्याला आमच्याकडे सोडत जा. मात्र आधी गोचिडांचा बंदोबस्त होऊ द्या.

सचिव : जिन्यांमधील भेगा या आठवड्यात बुजवून घेतो. फवारणीचे औषध पशुवैद्यांना विचारूनच ठरवू आणि फवारणीच्या दिवशी मुले व प्राणी खाली येणार नाहीत, याची सूचना आदल्या दिवशी देऊ.

ए-४०२ : मोतीला दाखवून आलो. हिरड्या फिकट होत्या, ताप १०४ निघाला आणि प्लेटलेट बऱ्याच कमी आहेत. निदान एर्लिकियाचेच झाले. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २८ दिवस सांगितले असून, मध्येच बरे वाटले तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत असे बजावले आहे. ए-३०५ च्या ताई, डॉक्टरांनी गोचीड संपल्याचे सांगितले की मोतीला बाबांकडे नक्की आणीन. दुपारची गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही, म्हणून त्याच्यासोबत भाताचा डबा पाठवीन.