योसेमिटीत चार दिवसांचा ट्रेक आहे, अस्वलांपासून खाणं कसं सांभाळायचं?

दाभोळखाडी:
नमस्कार मंडळी, मी दापोलीची. सप्टेंबरमध्ये लेकीकडे कॅलिफोर्नियाला जातेय आणि तिने तिथल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात चार दिवस तीन रात्रींचा ट्रेक ठरवलाय, तंबू-स्टोव्ह सगळं पाठीवर घेऊन, दोघीच. परमिट पण मिळालंय. चालण्याचं टेन्शन नाही, रसाळगड-सुमारगड-महिपतगड दोनदा केलंय. टेन्शन आहे ते अस्वलांचं, म्हणजे आपल्याला काही करतील याचं नाही, खाण्याचं.

माझा अनुभव वांदरांचा आहे. महिपतगडावर पारेश्वराच्या देवळात मुक्काम होता, सकाळी आम्ही पाणी आणायला टाक्यावर गेलो, दहा मिनिटं फार तर, परत येतोय तर एक वांदरी पोराला पोटाशी धरून माझ्या सॅकवर बसलेली. चेन उघडायच्या भानगडीत पडलीच नव्हती, बाजूचं कापडच फाडलं होतं. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दाताने फोडलेली, हाताची बोटं लाल झालेली आणि आमच्याकडे बघत बघत ती एकेक बोट चाटत होती. दुपारच्या भाकऱ्या गेल्या त्या गेल्याच. वांदराचं हे, तर अस्वल काय करेल?

लेक म्हणते सगळं खाणं बेअर कॅनिस्टरमध्येच, म्हणजे अस्वलाला उघडता येत नाही अशा डब्यातच, ठेवावं लागतं. तो डबा रिकामाच सव्वा किलोचा आहे म्हणे. माझे प्रश्न असे की तो खरंच लागतो का, का दोरीने झाडाला टांगून चालेल? दोघींचं चार दिवसांचं त्यात मावतं का? आणि मला कुळथाची पिठी, मेतकूट, लसणीची चटणी, थोडी सुकट असं न्यायचंय, त्याच्या वासाने अस्वलं लांबून येणार नाहीत का?

वेंगुर्ल्याचो_झील:
ताई, माका विचारल्यात तर शिंक्यासारखो उपाय नाय. आमच्या आजीने मांजर आणि मुंग्या दोघांपासून दूध, दही, माशाचं कालवण सगळं शिंक्यावर टांगून आयुष्य काढलं. तिथे झाडं एवढी उंच आहेत, जाड दोरी घ्यायची, आडवी फांदी बघायची, पिशवी वर ओढायची आणि दोरी दुसऱ्या झाडाला बांधून टाकायची, दीड माणूस उंच असली की झालं. सव्वा किलोचा डबा चार दिवस वाहायचा म्हणजे काय खाऊ आहे का, तेवढ्या वजनात दोन दिवसांचे तांदूळ येतात.

फ्रेस्नो_ते_मालवण:
वेंगुर्लेकर दादा, शिंक्याची आठवण छान पण ताई तुम्ही हे अजिबात करू नका. योसेमिटीत खाणं झाडाला टांगणं नियमातच बसत नाही, रात्रीच्या मुक्कामाला डबा सक्तीचा आहे. परमिट आणायला जाल तिथेच भाड्याने मिळतो, विकत घ्यायची गरज नाही.

मी नऊ वर्षं फ्रेस्नोला होतो, योसेमिटी तिथून दोन-अडीच तासांवर, त्यामुळे दर उन्हाळ्यात जायचो. टांगलेली पिशवी अस्वल कशी काढतं ते ऐका. दोरी जिथे बांधलीय ती जागा शोधून दाताने तोडतं. नाहीतर आई खाली थांबते आणि पिल्लू फांदीवर चढतं, पिल्लाच्या वजनाला बारीक फांदी पण चालते, फांदी मोडली तरी पिशवी खालीच येते ना. तिथल्या अस्वलांच्या पिढ्यान्पिढ्या हे शिकत आल्यात. गाड्यांचं तर विचारूच नका, १९९८ साली एका वर्षात दीड हजाराच्या वर घटना झाल्या होत्या, त्यातल्या कितीतरी गाड्या फोडण्याच्या, दरवाजा वरच्या कडेने धरून खाली वाकवायचा, पत्र्याचा डबा उघडावा तसा. मग खाणं ठेवायच्या लोखंडी पेट्या आणि डब्याची सक्ती आणि लोकांना समजावणं हे सगळं जोरात सुरू झालं आणि आकडा खूप खाली आला. म्हणून ट्रेक सुरू करताना गाडीत पण काही ठेवू नका हं, च्युइंगमचं पाकीट सुद्धा नाही, पार्किंगला पेट्या असतात त्यात ठेवा.

वासाचं. वास लपवायचा प्रयत्नच सोडा, डबा वास अडवत नाही. अस्वलाला कळणारच आत काय आहे ते. डबा चालतो तो त्याच्या आकारामुळे, गोल, गुळगुळीत, तोंडात मावत नाही, कुठे नख अडकत नाही, झाकण आत बसलेलं. काळ्या डब्यांचं झाकण नाण्याने स्क्रू फिरवून उघडतं, तर एक नाणं खिशात ठेवा, अंधारात शोधत बसायला लागतं.

लिटल योसेमिटी व्हॅली म्हणून तिथे एक मुक्कामाची जागा आहे, तिथे एकदा रात्री दोनच्या सुमारास दगडावरून काहीतरी घरंगळत गेल्याचा आवाज आला, मग धप्प, मग परत घरंगळला. असं पंधरा-वीस मिनिटं चाललं होतं. आम्ही तंबूतून ओरडलो, भांडी वाजवली, मग थांबलं. सकाळी बघतो तर डबा ठेवल्या जागेपासून पन्नास पावलं लांब, बाहेरून लाळ वाळून चिकट झालेला, त्यावर पाइनच्या काड्या चिकटलेल्या, ओरखडे चार समांतर, आत उपमा आणि चिक्की जशीच्या तशी. म्हणून डबा तंबूत घेऊ नका, जरा लांब सपाट जागी ठेवा, कड्याच्या काठाला किंवा नदीशेजारी ठेवू नका नाहीतर घरंगळत गेला की गेला. दोरी पण बांधू नका त्याला, दोरी म्हणजे अस्वलाला धरायला मूठ दिल्यासारखं. आणि स्वयंपाक करताना सुद्धा लागेल तेवढं काढून लगेच झाकण लावायचं, संध्याकाळी चुलीपाशी बसलेलं असताना पण येतात ती.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की डबा आपलं खाणं वाचवायला नाहीये. आपण एक दिवस उपाशी राहू, खाली उतरू, हॉटेलात जेवू. अस्वलाला एकदा माणसाचं खाणं मिळालं की ते परत परत येतं, धीट होतं, आणि शेवटी तिथल्या लोकांना त्याला मारावं लागतं. दुसरीकडे नेऊन सोडलं तरी बरीचशी परत येतात. त्यामुळे चुकून ठेवलेली एक पुडी म्हणजे एका जनावराचा जीव असं धरून चाला. आंबोली घाटात पर्यटकांनी वेफर्स खायला घालून माकडांचं जे करून ठेवलंय ते आपण बघतोच, तिथे फक्त शेवट वेगळा होतो.

आंजर्ल्याची_काकू:
डब्याचं ते सांगतीलच, मी भरण्याचं सांगते. मी कधी अमेरिकेला गेले नाही पण मुलाला हिमालयात जाताना दरवेळी बांधून देते, तिथेही जागा आणि वजन हाच प्रश्न असतो.

पोहे, चुरमुरे, लाह्या, कुरडया नेऊ नका गं, नुसती हवा. घट्ट वस्तू घे. कुळीथ भाजून, भरडून साल पाखडून मग बारीक दळायचे, त्यात तिखट, मीठ, हिंग आणि आमसुलं कडकडीत वाळवून मिक्सरला केलेली पूड घालून ठेवायची. ओली लसूण घालू नकोस, लसूण पातळ कापून उन्हात कुरकुरीत वाळव आणि मग चुरून घाल, तूप तिथे टाकायचं. पाण्यात कालवून उकळी आली की पिठी तयार, गॅस पण कमी लागतो. उंचावर पाणी लवकर उकळतं पण त्याला ताप कमी असतो त्यामुळे डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत, माझ्या मुलाने एकदा अर्धी कच्ची खिचडी खाल्लीय. तांदूळ न्यायचा तर घरी भात शिजवून वाळवून ने, गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजला की झालं.

बाकी डिंकाचे लाडू, सातूचं पीठ गूळ घालून, फणसपोळी, आंबापोळी. आंबापोळी गुंडाळी करून डब्याच्या भिंतीला लावून बसवायची, मधली जागा मोकळी राहते. प्रत्येक पुडीतली हवा दाबून काढायची, आणि शेवटच्या दिवसाचं तळाला, पहिल्या दिवसाचं वर, म्हणजे रोज सगळं उपसायला नको. पहिल्या दुपारचं बाहेर ठेवलं तरी चालेल ना? ते तर रात्रीच्या आधी पोटात जाणार.

सुकट मात्र घरीच ठेव. अस्वलापेक्षा हात, भांडं, कपडे सगळ्याला वास राहतो आणि तिकडे पाणी-साबणाची चैन नाही.

तिळारीकाठ:
काकूंची पिठीची कृती लिहून घेतली. मी दोडामार्ग बाजूचा, एक गोष्ट सांगावीशी वाटते कारण हा धागा वाचून कोणी उद्या इकडे तेच करेल.

आमच्याकडेही अस्वल आहे, तिळारी-आंबोलीच्या रानात. पण हे वेगळं जनावर. याला वारूळ फोडून वाळवी ओढून खायची असते, मध, जांभळं, पिकून पडलेला फणस. तुमच्या सॅकेतल्या चटणीत त्याला फारसा रस नाही. इथे धोका खाण्याचा नाही, अचानक समोरासमोर येण्याचा आहे. खाण्यात डोकं घातलेलं असलं की त्याला आपण आलेलं कळत नाही, आणि दचकलं की पळण्याऐवजी अंगावर येतं, तेही तोंडावर. जंगलात काजू-बोंडं, मध गोळा करायला जाणारी माणसं म्हणून बोलत, काठी आपटत चालतात आणि पहाटे-तिन्हीसांजेला जाणं टाळतात. लांबून दिसलं तर तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे व्हायचं, धावायचं नाही.

योसेमिटीतलं काळं अस्वल मुक्कामाच्या जागी आलं तर ओरडून हाकलतात हे बरोबर आहे, पण ते इकडच्या अस्वलावर करून बघू नका. आणि इथे अभयारण्यात, राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री राहू नका.

दाभोळखाडी:
सगळ्यांचे मनापासून आभार, शिंकं रद्द, सुकट रद्द. फ्रेस्नोवाले दादा, अजून दोन गोष्टी. ग्रिझली, म्हणजे ती मोठी तपकिरी अस्वलं, असतात का तिथे? लेकीचे बाबा रोज विचारतायत. आणि तिखटाचा फवारा असतो म्हणे अस्वलासाठी तो घ्यावा का?

फ्रेस्नो_ते_मालवण:
नाही ताई, कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे पण तिथली ग्रिझली १९२० च्या दशकातच संपली. आता आहे ते काळं अस्वल, नाव काळं पण बरीचशी तपकिरी असतात त्यामुळे बघून घाबरू नका. काकांना सांगा, योसेमिटीत काळ्या अस्वलाने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. फवारा योसेमिटीत न्यायला बंदी आहे, नेऊ नका. आलंच तर दोघी एकत्र उभ्या राहा, हात वर करून जोरात ओरडा, त्याला पळायला वाट मोकळी ठेवा. पण त्याने एखादी पुडी उचलली असेल तर ती परत घ्यायला जाऊ नका, ती त्याची झाली, नंतर रेंजरना कळवा म्हणजे ते त्याच्यावर लक्ष ठेवतील.

सप्टेंबर म्हणजे त्यांचा थंडीआधी खाऊन घ्यायचा काळ, तेव्हा दिवसभर खात असतात, जास्त सांभाळा.

आणि एक राहिलं. टूथपेस्ट, साबण, लिप बाम, सनस्क्रीन, डासांचं क्रीम, कचरा, आंबापोळीचं प्लास्टिक सुद्धा, वास येणारं सगळं डब्यात. लोक खाण्याचा हिशोब करतात आणि हे विसरतात.

दाभोळखाडी:
आज करून बघितलं. लेकीकडून माप मागवलं, डबा साधारण अकरा लिटरचा आहे म्हणाली. घरात जुना पिठाचा डबा आहे जवळपास तेवढाच, त्यात सगळं भरलं. पिठी चार पुड्या, वाळवलेला भात, सातू, सोळा लाडू, मेतकूट, चटणी, तुपाची छोटी बाटली, आंबापोळी काकूंनी सांगितली तशी भिंतीला. झाकण लागलं! मग टूथपेस्ट आणि क्रीमं आठवली, ती घातल्यावर बोटभर वर राहिलं. सहा लाडू काढले तेव्हा बसलं. आणि कचऱ्याला पहिल्या रात्री जागा नको का, म्हणून चटणीची एक पुडी पण काढली. आता ते सहा लाडू पहिल्या दिवशी चढताना दोघींनी संपवायचे असं ठरलंय.