मदत हवी आहे : रेकॉर्ड डेट शुक्रवारी, बाबांचे शेअर गुरुवारी विकायचे की शुक्रवारी?

तर्रीपोहे (नागपूर)
मंडळी, बाजारातलं मला जुजबीच कळतं, म्हणून विचारते. बाबांच्या डिमॅटमध्ये एका कंपनीचे १,२०० शेअर बरीच वर्षं पडून आहेत. (नाव लिहीत नाही, टिप नकोय.) भाव सध्या ४०० च्या आसपास. कंपनीच्या संचालक मंडळानं शेअरमागे १० रुपये अंतिम लाभांश सुचवलाय. रेकॉर्ड डेट येत्या शुक्रवारची, वार्षिक सभा पुढच्या महिन्यात. इकडे बेसाच्या फ्लॅटचा हप्ता मंगळवारी भरायचाय, त्यासाठी सगळे शेअर काढायचेत.

घरात दोन पक्ष पडले. मामांचं इतवारीत दुकान आहे, शेअरचा नाद जुना. ते म्हणतात, "गुरुवारी वीक बिनधास्त, लाभांश आपल्यालाच येते. मी नेहमी असंच करत आलो." बाबांचं म्हणणं, सभेत मंजूर होईस्तोवर हात लावायचा नाही, नाहीतर पैसे घेणाऱ्याच्या खिशात. ब्रोकरच्या ॲपवर एक्स-डेटही शुक्रवारच दिसून राहिली, त्यामुळे डोकं अजूनच फिरलं. नेमकं कधी विकायचं? आणि मंगळवारपर्यंत पैसे हातात येतील का?

धंतोली_डायरी
शुक्रवारी बाजार उघडल्यावर विका. लाभांश बाबांचा. पुढे वाचायची गरज नाही. 😄

डबल_एंट्री
उत्तर बरोबर आहे, पण कारण सांगायला हवं, नाहीतर मामा ऐकणार नाहीत.

लाभांश कोणाला, हे एकच गोष्ट ठरवते : रेकॉर्ड डेटचा दिवस संपताना डिपॉझिटरीच्या (डिमॅट खात्यांची नोंद ठेवणारी संस्था) यादीत शेअर कोणाच्या डिमॅटमध्ये आहेत. सौदा कधी केला याला महत्त्व नाही, शेअर खात्यातून कधी गेले याला आहे. आता आपल्याकडे टी प्लस वन आहे, म्हणजे सौद्यानंतरच्या लगेचच्या कामकाजाच्या दिवशी शेअर इकडून तिकडे जातात. गुरुवारी विकलेत तर शुक्रवारी ते घेणाऱ्याच्या खात्यात असतील आणि लाभांशाचे १२,००० त्याचे. शुक्रवारी विकलेत तर सोमवारी जातील, शुक्रवारच्या यादीत नाव बाबांचंच. म्हणून आता एक्स-डेट (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) आणि रेकॉर्ड डेट एकाच दिवशी पडतात. ॲप बरोबरच दाखवतंय.

मामा काही हवेतलं बोलत नाहीयेत. टी प्लस टू होतं, म्हणजे शेअर दोन कामकाजाच्या दिवसांनी जायचे, तेव्हा एक्स-डेट रेकॉर्ड डेटच्या एक कामकाजाचा दिवस आधी यायची, आणि त्या दिवशी विकूनही लाभांश मिळायचा. फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं बदल झाला आणि २७ जानेवारी २०२३ ला सगळे शेअर टी प्लस वनवर आले. त्यांचा नियम तेवढा जुना झाला.

बाबांसाठी : अंतिम लाभांश सभेत मंजूर झाल्याशिवाय मिळत नाही हे खरं. पण मंजूर झाल्यावर तो रेकॉर्ड डेटच्या यादीतल्यांनाच जातो. मधल्या काळात शेअर विकले तरी हक्क जात नाही. मंजुरीनंतर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात, तेव्हा हप्त्यात हे १२,००० धरू नका.

संत्राबर्फी
सगळे लाभांशावरच अडून बसलेत. शुक्रवारी सकाळी भाव ३९० च्या आसपास उघडला तर? कंपनीतून शेअरमागे १० रुपये जाणार हे बाजाराला माहीत असतं, भाव साधारण तेवढा खाली येतो. गुरुवारी ४०० ला विकलं काय आणि शुक्रवारी ३९० ला विकून १० घेतले काय, गोळाबेरीज तीच. शिवाय त्या दिवशी बाजार आपल्या मर्जीनं वरखाली होणारच.

डबल_एंट्री
गोळाबेरीज तीच, पण कर वेगळा. १ एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात आणि त्याच्या स्लॅबनं कर लागतो. वर्षभरापेक्षा जुने शेअर नफ्यात विकले तर १.२५ लाखावरच्या नफ्याला १२.५ टक्के. बाबांचा तेवढा नफा आधीच होत असेल, तर गुरुवारी विकून मिळणाऱ्या जास्तीच्या १२,००० वर साधारण १,५०० जातील. शुक्रवारी विकून लाभांश घेतला आणि ते ५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असतील तर ६००, ३० टक्क्यांत असतील तर ३,६०० (सेस वेगळा). म्हणजे पेन्शन बेताची असेल तर शुक्रवार, भरपूर असेल तर गुरुवार. आणि एका कंपनीचा लाभांश वर्षात १०,००० च्या वर गेला की १० टक्के टीडीएस कापतात. खात्यात १०,८०० दिसले तर घाबरू नका, विवरणपत्र भरताना ते १,२०० वळते होतात.

तर्रीपोहे
बाप रे, हे कोणीच सांगितलं नव्हतं! बाबांची पेन्शन बेताचीच आहे, म्हणजे शुक्रवार. दोन शंका राहिल्या. बाबा म्हणून राहिले, शेअर आधी तुझ्या नावावर करतो, मग तू वीक. तसं केलं तर? आणि मंगळवारचं काय?

धंतोली_डायरी
गिफ्ट म्हणून ऑफ-मार्केट ट्रान्सफर (बाजारात न विकता थेट एका डिमॅटमधून दुसऱ्यात) केलं तरी नियम तोच : शुक्रवारी दिवस संपताना शेअर तुमच्या डिमॅटमध्ये आलेले असतील तर लाभांश तुमच्या खात्यात आणि तुमच्या स्लॅबनं. नोकरी करत असाल तर कशाला ही उठाठेव? बाबांच्याच नावावर राहू द्या.

पैशाचं : शुक्रवारच्या विक्रीचे पैसे सोमवारी ब्रोकरकडे जमा होतात. तिथून बँकेत आणायची विनंती सोमवारीच टाका आणि ती किती वाजेपर्यंत घेतात ते आजच ब्रोकरला विचारा. सोमवारी बँकांना सुट्टी असेल तर सगळं एक दिवस पुढे ढकललं जाईल, मग बिल्डरला आधीच सांगून ठेवा. आणि डिमॅटला जोडलेलं बाबांचं बँक खातं चालू आहे ना, ते बघा. लाभांश त्याच खात्यात येतो. जुनं बंद खातं असेल तर रक्कम अदत्त म्हणून पडून राहते आणि ७ वर्षांनी सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जाते. तिथून सोडवायला बाबांना परत कागदं गोळा करावी लागतील.

तर्रीपोहे
खातं जुन्या शाखेचं आहे, चालू आहे की नाही ते उद्या बर्डीला जाऊन विचारते. मामांना २०२३ चं सांगितलं, तर म्हणाले, "मग मागच्या वर्षी मला लाभांश आला नाही तो यामुळेच काय?"