मदत हवी आहे: 5 आणि 11 वर्षांची मुलं, विज्ञान संग्रहालय आणि समुद्रकिनारा

सुट्टीत मुलांना विज्ञान संग्रहालय आणि ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांमधले जीव, दोन्ही दाखवायचंय. मागच्या वेळी मोठी फूकोच्या लंबकापाशी (पृथ्वी फिरते हे दाखवणारा, झोके घेत एकेक खुंटी पाडणारा मोठा लंबक) खिळून राहिली. पुढची खुंटी पडताना तिला बघायचीच होती. धाकटा तोवर रडकुंडीला आला. मग आम्ही दोघांनी एकेक मूल सांभाळलं, पण एकत्र बघण्यातली मजा गेली. दालनांची यादी आधी करून नेली, तीही धाकट्याच्या रडण्यापुढे टिकली नाही.

ओहोटी भल्या सकाळी आहे, त्यामुळे किनारा आधी. सोबत आई आहे, तिला फार चालवत नाही. तारांगण नको, धाकटा अंधाराला घाबरतो.

संग्रहालय त्याच दुपारी झेपेल की दुसऱ्या दिवशी ठेवू? आणि दोघंही एकत्र रमतील असे हाताळायचे प्रयोग कोणते?