शब्दचर्चा : पेशी, ऊती आणि ‘विकासात्मक जीवविज्ञान’

मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन. कुसुमाग्रजांच्या गावात हे दोन दिवस पाठोपाठ येतात, म्हणून यंदा ठरवलं की विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात कशाकशावर संशोधन चालतं याचे फलक लावायचे आणि ते मराठीत लावायचे. कच्चा मजकूर आला तो असा : ‘कोशिका एवं विकासात्मक जीवविज्ञान’, ‘ऊतक संवर्धन’, ‘पारिस्थितिकी तथा क्रमविकास’. कुणीतरी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं होतं. ‘एवं’ आणि ‘तथा’च्या जागी ‘आणि’ घातलं की झालं मराठी, असं एका सहकाऱ्यांचं मत पडलं. मला ते अजिबात पटलेलं नाही. का पटलं नाही ते लिहिते, आणि एका शब्दासाठी मदतही हवी आहे.

आधी ‘पेशी’. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला ओळीने लहान लहान खोल्या दिसल्या. त्याने दिलेलं इंग्रजी नाव ‘सेल’, तेही खोलीचंच आहे. हिंदीने ‘कोश’वरून ‘कोशिका’ केलं, तेही अर्थाला धरून आहे. मराठीने मात्र ‘पेशी’ घेतला, आणि हा शब्द मुळात मांसाचा. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी मोजल्या आहेत, त्या म्हणजे आज आपण ज्यांना स्नायू म्हणतो ते. त्याचे स्नायू वेगळे, नऊशे, ते सांधे बांधून ठेवणारे. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. त्यामुळे आमच्याच शहरात आयुर्वेद शिकणारी मुलगी पेशी म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे दंडाचा गोळा असतो आणि माझ्या वर्गातल्या तिच्या भावापुढे भिंगाखालचा ठिपका.

एवढा गोंधळ आहे तर ‘कोशिका’ घ्यावा का? नाही. माझी आजी चौथी शिकलेली होती, पण ‘पांढऱ्या पेशी वाढल्यात’ म्हटल्यावर ती समजायची काय ते. दवाखान्यात, रक्ताच्या रिपोर्टवर, दहावीच्या पुस्तकात, सगळीकडे हा शब्द रुळला आहे. व्युत्पत्तीने हरलेला शब्द वापराने जिंकला असेल, तर त्याला फलकावरून उतरवायचा अधिकार आपल्याला नाही.

‘ऊती’बद्दल, म्हणजे मिळून एकच काम करणाऱ्या पेशींच्या थराबद्दल, मला जास्त सांगायचं आहे. मुलांना हा शब्द निर्जीव वाटतो, पाठ करायचा म्हणून करतात. ‘वे’ म्हणजे विणणे, त्या धातूपासून ‘ऊति’. ‘ओतप्रोत’मधला ‘ओत’ तिथूनच आलेला. फ्रेंच वैद्य बिशा याने १८०० च्या सुमारास शरीरातल्या या थरांना आपल्या भाषेतला विणलेल्या कापडाचा शब्द दिला, तोच इंग्रजीत ‘टिश्यू’ म्हणून रूढ झाला आणि आपल्याकडे ‘ऊती’ झाला. म्हणजे शब्द घडवणाऱ्यांनी उसना शब्द न घेता त्या प्रतिमेलाच मराठी घर दिलं. गेल्या वर्षी मुलांना घेऊन येवल्याला एका विणकराच्या घरी गेले होते. खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या काकांनी ताण्यातला एक धागा नखाने उचलून दाखवला, ‘हा एकटा काहीच नाही, बाणा पडला की कापड.’ परत आल्यावर कांद्याचा पापुद्रा काढला, काचपट्टीवर पसरला, आयोडीनचा थेंब टाकला. विटांसारख्या पेशी, एकीला एक चिकटून. एक मुलगी भिंगावरून डोळा न काढताच म्हणाली, ‘बाई, विणलंय.’ त्या दिवसापासून माझ्या वर्गात ऊती कुणाला समजावून सांगावी लागलेली नाही. ‘ऊतक’ म्हटलं असतं तरी धातू तोच आहे, मान्य. पण आपल्याकडे आपला शब्द असताना शेजारचा का मागायचा?

‘उत्क्रांती’चं थोडक्यात. संस्कृतात हा शब्द प्राण देह सोडून जाण्यासाठी होता, आणि त्यातला ‘उत्’ शिडी चढल्याचा भास करून देतो, हे दोन्ही दोष मला दिसतात. तरी ‘क्रमविकास’ नको. एका जीवाची एका आयुष्यात होणारी वाढ आणि पिढ्यान्‌पिढ्या जातीत होणारा बदल, या दोन गोष्टी मराठीने वेगळ्या शब्दांत ठेवल्या आहेत. दोन्हीकडे ‘विकास’ आला की पहिल्या वर्षाची मुलं त्यांची सरमिसळ करतात, हे मी उत्तरपत्रिकांत पाहते.

आणि इथेच माझं अडलं आहे. फलित अंड्याच्या एका पेशीपासून हात, डोळा, काळीज कसं तयार होतं, हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्याशा प्राण्याचा तुकडा कापला तर त्यातून पुरा हायड्रा कसा उभा राहतो (पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे), हे शोधणारी जी शाखा, कच्च्या मजकुरातलं ‘विकासात्मक जीवविज्ञान’, तिला मराठीत काय म्हणावं? ‘भ्रूणविज्ञान’ तोकडं पडतं, कारण हायड्राचा तो तुकडा काही भ्रूण नव्हे. ‘विकास’ म्हटलं की लोकांना रस्ता आणि उड्डाणपूल आठवतो. सुचवा.

प्रतिसाद, निफाड तालुक्यातून :

ताई, मी द्राक्षवाला, शास्त्र शिकलेलो नाही. पण तुम्ही जे विचारताय ते आम्ही दरवर्षी बघतो. एप्रिलात खरड छाटणी झाली, म्हणजे वेल मागे खरडून छाटली, की नवीन काडीच्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या फुगीर कळीत, पुढच्या हंगामाचा माल ठरतो. डोळ्यात जो कोंब असतो तो सुरुवातीला कशाचाच नसतो. ऊन चांगलं मिळालं, पाणी आणि नत्र बेतात राहिलं, तर त्याचा घड होतो. ढगाळ राहिलं, वेल नुसती पळत सुटली, तर त्याचीच बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता तंतू, होते. म्हणून त्या दिवसांत आम्ही सिक्स-बीए हे संजीवक फवारतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्या तपासायला नेतो. तिथला मुलगा ब्लेडने डोळा उभा चिरतो, मायक्रोस्कोपखाली धरतो आणि सांगतो, चौथ्या डोळ्यावर घड आहे, सहाव्यावर बाळी. आम्ही याला विकास म्हणत नाही. ‘घड घडला’ म्हणतो, नाहीतर ‘जिरला’ म्हणतो. तुमच्या शब्दात ‘घडण’ बसते का बघा.

प्रतिसाद, सिन्नरहून :

बाई, ‘पारिस्थितिकी’, म्हणजे जीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचं शास्त्र, हा शब्द मात्र लगेच काढू नका. आमच्याकडे ‘घरची परिस्थिती’ म्हणतात, म्हणजे घरात खाणारी तोंडं किती, येणं किती, शेजार कसा. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये ग्रीक ‘घर’ या शब्दावरूनच या शास्त्राचं नाव पाडलं. नांदूर मधमेश्वरला पाणथळीवर पाणी किती, गाळ किती, मासे किती, त्यावर बदकं किती टिकतील, हा हिशेब म्हणजे पाखरांच्या घरची परिस्थितीच ना?

माझं उत्तर :

सिन्नरकर, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. शब्द ठेवते, फक्त ‘परिस्थितिकी’ असं सोपं करून, आणि नांदूर मधमेश्वरचं तुमचं वाक्य त्याखाली घालते.

निफाडच्या दादांनी तर माझं कामच केलं. जो कोंब ‘सुरुवातीला कशाचाच नसतो’, त्यातून एक वाट ठरत जाणं, हाच त्या शाखेचा गाभा आहे, आणि तो एवढ्या कमी शब्दांत मी वर्गात कधी सांगू शकले नाही. ‘घडण’वरून मला ‘जडणघडण’ आठवलं. रोजचा शब्द आहे, आणि त्यात एक पेशी दुसरीला जडणंही आहे. फलक आता असा होईल : ‘पेशी आणि जडणघडण : एका पेशीपासून अख्खा जीव कसा घडतो’. खाली द्राक्षाच्या डोळ्याचं उभं चिरलेलं चित्र, एका बाजूला घड, दुसऱ्या बाजूला बाळी. दादा, सप्टेंबरात काड्या तपासायला न्याल तेव्हा दोन आमच्या प्रयोगशाळेतही द्या. मुलांना डोळा स्वतः चिरून बघू दे.