आईबाप वेगळे झाले तरी मुलांना दोन्ही घरांची दुखणी माहीत हवीत – तुमचे अनुभव लिहा

अजिंक्यताऱ्याखालची
काल आम्ही लेकीचा होस्टेलचा फॉर्म भरत होतो. 'वडिलांकडील आजार' या रकान्याशी आलो आणि तिच्या लहानपणीचं टॉन्सिलचं ऑपरेशन आठवलं. भूलतज्ज्ञांनी विचारलं होतं, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का? माझ्या माहेरी कुणाला नाही. पण तिच्या आत्याला ऑपरेशननंतर बराच वेळ श्वास घेता येत नव्हता, मशीनवर ठेवलं होतं, असं अर्धवट कानावर होतं. आम्ही वेगळे झालो होतो, सासरी बोलणं बंद. तरी सासूबाईंना फोन लावला. त्यांनी काही मनात न ठेवता सगळं सांगितलं, जुनी फाइलपण पाठवली. डॉक्टर म्हणाले, स्कोलीन नावाच्या औषधानं काहींचे स्नायू तासन् तास सैल राहतात आणि ते आनुवंशिक असतं. त्यांनी दुसरं औषध वापरलं. सासूबाईंचे उपकार मी कधी विसरणार नाही. तुम्ही कसं केलंत?

कृष्णाकाठ
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. वय विचारा!! 'आजोबा हार्टनं गेले' एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. पुरुषाला ५५ च्या आत, बाईला ६५ च्या आत त्रास झाला असेल तर तो घराण्यातला धोका धरतात. माझ्या भाच्याचं कोलेस्टेरॉल त्यामुळंच लहानपणी तपासलं, बरंच जास्त निघालं.

मिरजेची लॅबवाली
थॅलेसेमिया मायनरचंपण (रक्ताचा आनुवंशिक दोष, एकाच पालकाकडून आलेला) लिहा कुणीतरी. पोराचं हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू राहतात, आणि तिकडं बापाच्या कपाटात रिपोर्ट पडलेला असतो, एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ३.५ टक्क्यांच्या वर. मायनर असलेल्याला सहसा फारसा त्रास नसतो. पण पुढं जोडीदारही मायनर निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे गंभीर आजार, होण्याचा २५ टक्के धोका. लग्नाआधी कळायला हवं की नाही?

विटेकर
मी दुसऱ्या बाजूचा. मुलगी आईकडं, साताऱ्यात असते. माझ्या आईला आणि बहिणीला दोघींना स्तनाचा कॅन्सर. मी कळवलं तर उत्तर आलं, हे आईकडून येतं, तुमच्याकडचं कशाला? तसं नाही हो. या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जनुकातला दोष बापाकडूनही तितकाच येतो, बापात असेल तर निम्मी शक्यता. शेवटी वकिलांनी म्युच्युअल घटस्फोटाच्या अटींतच एक कलम घालून दिलं.

हरभट रोड
आमचे सगळे कागद २०१९ च्या पुरात गेले. हॉस्पिटलात विचारलं तर जुनं काही नाही.

मिरजेची लॅबवाली
@हरभट रोड नियमानं ३ वर्षं ठेवायचं बंधन आहे. त्या आतलं असेल तर रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्यानं अर्ज करायचा, ७२ तासांत द्यावं लागतं. वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोला एकमेकांचे कागद असे मिळत नाहीत, सही लागते.

हरभट रोड
सासऱ्यांची सही घेते मग. पाणी तुमच्याकडं आलं होतं का हो?

वाईची
ताई, लेकीला ॲडमिशन कुठं मिळालं?

अजिंक्यताऱ्याखालची
कराडला 🙂 दर शनिवारी घरी येते म्हणालीय.

वाईची
मग काय, धुण्याची बॅगपण दर शनिवारी!

कोरेगाव
सगळं खरं, पण जपून. माझ्या बहिणीनं विश्वासानं भावाच्या मानसिक आजाराचं सांगितलं, आणि मुलाच्या ताब्याच्या केसमध्ये समोरच्यांनी तेच तिच्याविरुद्ध काढलं. ती अजून त्यातून सावरलेली नाही.

कृष्णाकाठ
अरेरे 😔 अशा वेळी मुलाच्या डॉक्टरांकडं सरळ लिहून द्यावं, मधे कुणी नको. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी दोन्हीकडचं वेगवेगळं ऐकून घेतलं आणि मुलाच्या फाइलीत लावलं.

हरभट रोड
विटेकर दादा, ते कलम इथं टाकाल का? नणंदेची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

विटेकर
'आपल्या घराण्यातील आनुवंशिक किंवा गंभीर आजार, निदानाच्या वेळचे वय आणि रिपोर्टची प्रत दोन्ही पालक एकमेकांना ३० दिवसांत देतील. या माहितीचा वापर अपत्याच्या उपचारांसाठीच करतील.' शेवटचा भाग कोरेगाव ताईंनी लिहिलंय त्यासाठीच आहे. तुमच्या वकिलांना दाखवून घ्या.