अनुभव धागा: परिसर अभ्यास आणि मराठी, एकाच तासाला

धागाकर्ती

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तेव्हा आपली लेकरं वावरातून थेट वर्गात आलेली असतात. त्यांनी पेरणी पाहिलेली असते, लाल मखमली किडे तळहातावर घेतलेले असतात. (त्या किड्याचे पाय मोजायला सांगा. आठ भरतात, म्हणजे तो कीटक नाही, कोळ्याच्या गटातला आहे.) लेकरू जे निरखून पाहतं, ते नीट सांगतं, आणि सांगताना अडलं की पुन्हा पाहायला जातं. म्हणून मी तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आणि मराठी जोडूनच घेते. तुम्ही वर्गात प्रत्यक्ष काय करता ते लिहा. साहित्य काय लागलं आणि मुलांनी काय विचारलं, तेही येऊ द्या.

सुरुवात माझ्यापासून. कपाशी फुलावर आली की सकाळी उमललेल्या पांढरट फुलाच्या देठाला प्रत्येकानं रंगीत दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झालेलं असतं. झाडावर दोन रंगांची फुलं येतात असं पोरं आधी ठामपणे सांगतात. दोरा बांधल्यावर ते मत त्यांचं तेच बदलतात. मग पाच वाक्यं लिहायची. ‘सुंदर’, ‘छान’ हे शब्द वापरायचे नाहीत, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. वर्णन लिहायला शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

एक कळकळीची विनंती. मुलांना फवारलेल्या वावरात नेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण कुणीच विसरू नये. शाळेच्या आवारात चार सरक्या (कपाशीच्या बिया) टोचल्या तरी हा उपक्रम होतो.

शिक्षक, दारव्हा तालुका

आमचा पर्जन्यमापक. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. बूड वाकडंतिकडं असतं, म्हणून तळाशी गिट्टी टाकून ती बुडेपर्यंत पाणी ओतायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. बाहेरून पट्टी चिकटवायची. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, म्हणून आम्हीही साडेआठलाच घेतो. शाळेशेजारी राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावल्यात, रविवारीसुद्धा.

खरा तास रंगला तो एका मुलीच्या प्रश्नावर: “सर, बाटलीपेक्षा मोठं भांडं ठेवलं तर पाऊस जास्त भरंल ना?” मी उत्तर दिलं नाही. बाटली, सरळ काठाचा डबा आणि बादली शेजारी शेजारी ठेवली. पाऊस झाल्यावर डब्यात आणि बाटलीत पाण्याची उंची सारखीच, बादलीत मात्र जास्त. आता बादलीच का? मुलांनी बादलीचं तोंड मोजलं, बूड मोजलं. बूड लहान, तोंड मोठं! हे त्यांनी शोधल्यावर वर्गात झालेला गलका मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला.

भाषेचं काम यातूनच निघालं. रोज परिपाठाला एक जण पावसाची बातमी वाचतो. बातमी कालपेक्षा वेगळी हवी, आकडा हवा, आणि गावात काय घडलं त्याचं एक वाक्य हवं. ‘काल ७० मिमी पाऊस झाला. चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात. नाल्याला पूर आल्यानं पलीकडची मुलं आली नाहीत.’ हे चौथीतल्या मुलानं लिहिलंय. निबंधाच्या वहीत ‘पावसाळा’ लिहिताना याच मुलाची पेन्सिल चालत नव्हती.

पालक, त्याच भागातला

मी शेतकरी माणूस, पण लिवतो. आमच्याही शाळेत ही बाटली हाय. पेरणीच्या येळी पोरगी म्हणे, बाबा, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याबिगर पेरू नका, कृषीवाले सांगतात, आन् आपल्या बाटलीत अजून तेवढा झाला नाही. तिनं वहीच आणून दाखवली. मी थांबलो. दुबार पेरणीचा खर्च ज्याले मालूम आहे, त्याले या वहीची किंमत समजते.

शिक्षिका, भंडारा जिल्हा

आम्ही म्हणी तपासतो. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण फळ्यावर लिहिली आणि मुलांना बांधावर पिटाळलं. त्यांनी डहाळ्याच आणल्या. मग वाद सुरू झाला: ही तीन पानं, की एकाच पानाचे तीन भाग? एकानं दाखवलं, पान गळतं तेव्हा तिन्ही मिळून एका देठासकट गळतात. पानाच्या अशा एकेका भागाला पर्णिका म्हणतात, हे मी त्यानंतर सांगितलं. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ नाल्यावर जाऊन ऐकली, आणि ‘थेंबे थेंबे तळे साचे’साठी गळक्या नळाखाली मोजपात्र ठेवून तासाभराचं पाणी मोजलं. प्रत्येक म्हणीखाली मुलं लिहितात: खरी का, कशावरून. ‘कशावरून’ हा रकाना मी कधीच रिकामा सोडू देत नाही.

शिक्षक, धानोरा तालुका, गडचिरोली

माझ्या वर्गात घरी गोंडी बोलतात, पुस्तक मराठीत. पहिले दोन महिने मी पानांवरच काढतो. मोह, साग, ऐन, तेंदूची पानं येतात. सागाचं कोवळं पान चोळलं की बोटं लाल होतात, हे मला मुलांनी दाखवलं. पानाचं चित्र काढायचं, खाली गोंडी नाव, त्याखाली मराठी. जंगलाबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते बोलायला लागले की मराठी वाक्य मागे मागे येतं. आधी मराठी आणि मग माहिती, हा क्रम आमच्याकडे चालत नाही.

शिक्षिका, वर्धा जिल्हा

थोडक्यात: कापसाचे तंतू ओढले की तुटतात, पीळ दिला की दोरा होतो. आधी बोटांनी, मग टकळीवर. त्यानंतर ‘सूत कसं काढावं’ हे असं लिहायचं, की दुसऱ्या वर्गातल्या मुलानं नुसतं वाचून सूत काढलं पाहिजे. त्याला जमलं नाही, तर लिहिणाऱ्यानं वाक्य सुधारायचं.

नवीन शिक्षिका, मेळघाट

पहिली-दुसरी एकाच खोलीत आहे. लिहिताच येत नाही, त्यांच्याकडून नोंद कशी घ्यायची?

धागाकर्ती

बाई, त्यांना बोलू द्या, तुम्ही लिहा. लेकरानं सांगितलेलं वाक्य फळ्यावर जसंच्या तसं उतरवा, घरच्या कोरकू भाषेत सांगितलं तर कोरकूतच, आणि शेजारी त्यालाच चित्र काढू द्या. दुसऱ्या दिवशी ते पुसू नका. स्वतःचं वाक्य मुलं बोट ठेवून वाचतात, आणि त्यातली अक्षरं त्यांना आधी ओळखू येतात. सुरुवात भिजवलेल्या मटकीपासून करा. मोड रात्रीतून येतात, त्यामुळे उद्या सांगायला काहीतरी नवं असतंच.