मदत हवी आहे: पॉइंट टू-टू प्रोन रायफल, वाळूच्या पिशवीवर ग्रुप छान, स्लिंग लावली की डावीकडे पसरतो

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, ५० मीटर प्रोन (पालथं झोपून नेमबाजी) खेळतो. रायफल अन्शुट्झ १९१३. बॅरल (नळी) आणि ॲक्शन (गोळी भरून उडवणारी यंत्रणा) जुनी पण उत्तम स्थितीतली आहे. दस्ता (नळी-ॲक्शन जिच्यात बसते ती लाकडी बॉडी) मात्र एका सुतारकाकांकडून माझ्या मापाने सागवानात घडवून घेतलाय. माझी मान लांब आहे, त्यामुळे कंपनीच्या दस्त्यात गाल कधीच नीट टेकला नाही. या दस्त्यात मात्र डोळे मिटून उघडले तरी टार्गेटचा काळा गोल फोरसाइटच्या (नळीच्या टोकावरच्या साइटच्या) रिंगमध्ये जिथल्या तिथे असतो. म्हणून दस्ता बदला, एवढंच उत्तर कृपया देऊ नका. तो वाचवायचा आहे.

उन्हाळ्यात रायफल अप्रतिम चालत होती. पाऊस लागला आणि बिघडलं. वाळूच्या पिशवीवर ठेवून मारल्या तर आजही दहा गोळ्यांचा ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत १२ मिलिमीटरच्या आसपास येतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची आणि गोळी ५.६ ची. म्हणजे १६ मिलिमीटरपर्यंतचा ग्रुप मधोमध बसला तर सगळे दहाच. पण स्लिंग (दंडाला बांधून रायफल स्थिर धरणारा पट्टा) लावून प्रोनमध्ये आलो की तोच ग्रुप २४-२५ वर जातो आणि घड्याळातल्या नऊकडे, म्हणजे डावीकडे आडवा पसरतो. साइटला क्लिक देऊन भागत नाही. पोझिशन मोडून पुन्हा झोपलो, स्लिंगचा ताण किंचित बदलला की ग्रुपचा मध्यच सरकलेला असतो. प्रोनमध्ये गुण दशांशात मोजतात, तिथे हे परवडत नाही.

आतापर्यंत काय काय पाहून झालं ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही. गोळ्यांचे वेगवेगळे लॉट मारून पाहिले, फरक नाही. बॅरल साफ केली, चेंबरच्या पुढे साचणारी कार्बनची कडी काढली. क्राउनवरून (नळीच्या तोंडाच्या कडेवरून) कापसाची काडी फिरवली, कुठेही धागा अडकत नाही. साइट मित्राच्या रायफलवर चढवल्या, तिथे व्यवस्थित चालल्या. मित्राने त्याची स्वतःची स्लिंग लावून माझी रायफल मारली, त्याचाही ग्रुप डावीकडेच गेला, म्हणजे ट्रिगर ओढण्याची माझी सवय हे कारण नाही. शेवटी कंपनीचा जुना दस्ता परत चढवला. अवघडलेल्या पोझिशनमध्येही ग्रुप लगेच आवळला. दोष नव्या दस्त्यातच आहे, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.

दस्त्यात दोन गोष्टी सापडल्यात आणि आधी कशाला हात घालायचा तेच ठरत नाहीये.

पहिली गोष्ट. रायफल टेबलावर असताना नळी आणि ती ज्यात बसते ती दस्त्यातली खोबण यांच्यामधून कागदाची पट्टी टोकापासून ॲक्शनपर्यंत सरळ फिरते. पण मी स्लिंग ताणून प्रोनमध्ये असताना मित्राने तीच पट्टी सरकवली, तर दस्त्याच्या पुढच्या टोकापासून चार बोटं मागे, उजव्या बाजूला ती अडकते. खेचली तर फाटते. म्हणजे स्लिंग हँडस्टॉपला (दस्त्याखाली पुढच्या हाताला अडवणारा तुकडा, स्लिंग यालाच जोडते) ओढते, दस्त्याचं पुढचं टोक डावीकडे वाकतं आणि खोबणीची उजवी भिंत नळीला टेकते. दस्त्याला बाहेरून सुरेख पॉलिश आहे, पण खोबणीच्या आत लाकूड कोरंच ठेवलंय. आमच्याकडच्या पावसाळी हवेत ते फुगलं असणार.

दुसरी गोष्ट. शिरोली एमआयडीसीत मित्राचं वर्कशॉप आहे, तिथे डायल गेज लावला. चुंबकी स्टँड नळीवर, काटा दस्त्यावर. पुढचा ॲक्शन स्क्रू सैल केला तर काटा ०.०३ मिलिमीटर हलला, मागचा सैल केला तर ०.१५. मागच्या स्क्रूपाशी एपॉक्सीच्या बेडिंगवर (ॲक्शन दस्त्यात जिच्यावर टेकते त्या बैठकीवर) नखाने टकटक केलं की आवाज पोकळ येतो, पुढे भरीव येतो. सागवान तेलकट लाकूड, एपॉक्सी त्याला नीट धरत नाही. माझ्या मते तिथे बेडिंग लाकडापासून सुटलंय. दोन्ही स्क्रू टॉर्क रेंचने ५ न्यूटन मीटरवर आवळतो, पण दोन दिवसांनी मागचा पुन्हा सैल लागतो. लाकूडही दबत असावं.

आता अडचण अशी. खोबण तासून रुंद केली तर नळी मोकळी होईल, पण दस्त्याचं पुढचं टोक आणखी बारीक होईल आणि जास्त वाकेल. उलट आधी बेडिंग करायचं म्हटलं, तर बेडिंग सुटलेलं असूनही पिशवीवर ग्रुप चांगला कसा, याचा उलगडा होत नाही. पिशवीवर ॲक्शनवर बाजूचा ताणच येत नाही म्हणून दोष लपतो का?

२०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेंनी कांस्य जिंकल्यापासून आमच्याकडे ५० मीटरवर बोलणारे भरपूर झालेत, पण दस्त्याचं काम स्वतः केलेला माणूस भेटत नाही. तुमच्यापैकी कुणी केलं असेल तर सांगा:

पुढच्या भागाला खालून खाच पाडून कार्बन फायबरची कांडी एपॉक्सीत बसवली, तर वाकणं खरंच थांबतं का? की हँडस्टॉपची ॲल्युमिनियम रेल मागे ॲक्शनपर्यंत लांबवणं बरं?

सागवानावर बेडिंग करताना लाकूड ॲसिटोनने पुसून लगेच एपॉक्सी भरलं तर टिकतं का? दोन्ही स्क्रूंना ॲल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवती लाकडात बसवायच्या धातूच्या नळ्या) घालायचा विचार आहे. पिलर ॲक्शनला थेट टेकवायचे, की मध्ये एपॉक्सीचा पातळ थर ठेवायचा?

खोबणीच्या आत ओल शिरू नये म्हणून काय लावता? आणि हे सगळं आत्ता, हवा दमट असताना करू, की लाकूड दिवाळीनंतर सुकेपर्यंत थांबू? राज्य स्पर्धा तोंडावर आहे, पण घाईत दस्ता कायमचा बिघडवण्यापेक्षा यंदा जुन्या दस्त्यावर उतरायची माझी तयारी आहे. पट्टी अडकते तिथला आणि बेडिंगचा फोटो कुणाला हवा असेल तर लगेच टाकतो.